अकरा टक्के सहमती

"आई, फक्त वाचायचं आणि खूण करायची. बाकी काही करायचं नाही," असं म्हणून सूनबाईनं कात्रणांचा गठ्ठा सासूबाईंच्या पुढ्यात ठेवला. दोनशे चाळीस कात्रणं होती.

"छत्तीस वर्षं मी दुसरं काय केलंय?" सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

हे उत्तर सूनबाईनं नीट ऐकून घेतलं असतं, तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं. पण तिचं लक्ष समोरच्या कॅलेंडरवर होतं. महिना संपायला सतरा दिवस उरले होते.

सूनबाई कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायची आणि गेली आठ वर्षं निवडणुकीच्या बातम्यांवर पीएचडी करत होती. आठ वर्षांत दोन सरकारं बसली आणि उठली, घरातला फ्रीज बदलला, मार्गदर्शक सरांचे केस आधी पिकले आणि मग गेले. प्रबंध मात्र लाडावलेल्या लेकरासारखा तिच्या कडेवरून उतरायला तयार नव्हता. तीन वेळा मुदत वाढवून मिळाली. आता विद्यापीठाचं पत्र आलं होतं, की महिनाअखेरीस प्रबंध न आल्यास नोंदणी रद्द. सगळं पत्र फिकट छापलेलं, 'रद्द' तेवढं ठळक.

राहिलेला अभ्यास सरळ होता. सध्या चालू असलेल्या प्रचाराच्या चार आठवड्यांत तीन दैनिकांनी दोन मोठ्या पक्षांबद्दल काय छापलं, ते मोजायचं. बातमी पक्षाच्या बाजूची असेल तर अधिक, विरुद्ध असेल तर उणे, धड ना इकडे धड ना तिकडे असेल तर शून्य. शास्त्रात नावं घेत नाहीत, म्हणून पक्षांना तिनं अ आणि ब म्हटलं होतं, दैनिकांना एक, दोन, तीन. पण हे सगळं आपल्या एकटीच्या मनाचे खेळ नाहीत हे दाखवायला दुसऱ्या कोणीतरी तीच कात्रणं वेगळी बसून वाचायची आणि खुणा करायच्या असा दंडक होता. अशा माणसाला कोडर म्हणतात. दोघांच्या शंभरातल्या ऐंशी खुणा जुळल्या की काम खरं धरतात.

तिची कोडर क्रमांक दोन एक विद्यार्थिनी होती. तिला अचानक नोकरी लागली. "सॉरी मॅडम, उद्याच जॉइन व्हायचंय," एवढा निरोप आणि जोडलेल्या हातांचं चित्र पाठवून ती भुर्रकन उडून गेली.

नवऱ्याचा विचार सूनबाईनं एकदा करून पाहिला. पण तो पेपर मागून उघडायचा आणि खेळाच्या पानावरच मिटायचा. शिवाय पक्ष ब चं नाव निघालं की त्याचा चेहराच उणे व्हायचा.

"तुला तटस्थ माणूस हवाय ना?" सासूबाई आपणहून म्हणाल्या होत्या. "मग मी आहे की. मला दोन्ही पक्ष सारखेच आवडत नाहीत."

सासूबाई शाळेतून भाषा शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या लाल पेन्सिलीचा धाक असा, की गावभर पसरलेले त्यांचे विद्यार्थी आजही त्यांना चिठ्ठी लिहायच्या ऐवजी फोन करत. कसं कोडिंग करायचं याची चार पानी सूचनावली सूनबाईनं त्यांना दिली. सासूबाईंनी ती प्रेमानं घेतली आणि तिच्यावर चहाचा कप ठेवला. परीक्षक होत्या तेव्हा दरवर्षी असा एक सूचनांचा कागद यायचा, आणि दरवर्षी तो कपाखालीच जायचा. पेपर कसा तपासायचा हे त्यांना कागदानं सांगावं, असा कागद अजून जन्माला आला नव्हता.

सूचनावलीतला सातवा नियम मात्र सूनबाईनं तोंडानं सांगितला, आणि तिथेच घात झाला. काम पुरं होईपर्यंत दोन्ही कोडरनी बातम्यांबद्दल एकमेकींशी अवाक्षर बोलायचं नाही.

"एका घरात राहून?" नवऱ्यानं विचारलं.

"शास्त्र आहे," सूनबाई म्हणाली.

मग त्या घरात एक वेगळीच शांतता नांदायला लागली. पुढच्या खोलीत सून, मागच्या खोलीत सासू, आणि मधल्या दारात कात्रणांची चाहूल. निवडणुकीच्या दिवसांत बातम्या वगळल्या तर बोलायला उरतं तरी काय. दोघी एकमेकींना बघून हसत, पाण्याचा तांब्या पुढे करत, आणि ओठ मिटून घेत.

जेवताना सासूबाई मुलाकडे वळल्या. "तुझ्या बायकोला सांग, एकशे सहा नंबरच्या..."

"आई, नंबर नाही सांगायचा," सूनबाईनं अडवलं.

"मग भाजीत मीठ कमी आहे, एवढं तरी सांगू का?"

"ते चालेल," सूनबाई म्हणाली. "ते नमुन्यात नाही."

तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी सूनबाईला जिन्यात गाठलं. "काय गं, तुझं आणि सासूबाईंचं बोलणं बंद आहे म्हणे?"

"छे हो काकू. आम्ही फक्त बातम्यांवर बोलत नाही."

"असंच सुरू होतं," काकू म्हणाल्या, आणि मोठ्या मायेनं त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

मागच्या खोलीतून अधूनमधून उसासा ऐकू यायचा. कधी "काय ही पोरं", कधी "लाज कशी वाटत नाही". सूनबाईला वाटलं, पुढाऱ्यांना बोलतायत. तिला बरं वाटलं. कोडर मन लावून वाचतेय म्हणायची.

पाचव्या दिवशी निम्मी कात्रणं झाली तेव्हा सूनबाईनं दोघींच्या खुणा शेजारी मांडल्या आणि जुळणी काढली. पुन्हा काढली. मग कॅल्क्युलेटर बदलून काढली. आणि वही छातीशी धरून ती सरांकडे गेली.

मार्गदर्शक सर हळू बोलणारे होते. आवाज चढवायचा झाला की ते आणखी हळू बोलत. त्यांनी आकडा पाहिला.

"मॅडम, पर्याय तीन आहेत. अधिक, उणे, शून्य. डोळे मिटून खुणा केल्या असत्या, तरी शंभरातल्या तेहतीस जुळल्या असत्या."

"हो, सर."

"अकरा यायला माणसाला कष्ट घ्यावे लागतात."

"त्या कष्टाळूच आहेत, सर."

"कोण आहेत या?"

"सासूबाई."

सरांनी पेनाला टोपण लावलं. "मग अकरा म्हणजे बरंच जमलंय म्हणायचं."

"सर, एकदा विचारून बघू का त्यांना, की असं का करताय?"

"शेवटचं कात्रण होईपर्यंत नाही. नियम सात. तुमचाच आहे." सर इतक्या हळू म्हणाले, की तिला ते ओठांवरून वाचावं लागलं.

घरी येऊन तिनं पुन्हा तक्ते पसरले. गोंधळ असता तर तिला समजलं असतं, पण हा गोंधळ नव्हताच. जिथे तिनं अधिक दिलं, तिथे सासूबाईंचं उणे. पक्ष अ ची स्तुती असो नाहीतर ब ची, उणे ते उणेच. आणि जिथे एखाद्या पुढाऱ्याची सालं काढलेली, तिथे सासूबाईंचं ठसठशीत अधिक.

"त्यात नवल काय," नवरा म्हणाला. "स्तुती ऐकली की आईला संशय येतो. मी शाळेत पहिला आलो तेव्हा तिनं आधी विचारलं, बाकीची आजारी होती का?"

सूनबाई हसली नाही. तिच्या डोळ्यांपुढे ते ठळक छापलेलं 'रद्द' उभं होतं. आठ वर्षं, किती सुट्ट्या, आता हॉस्टेलवर असलेल्या मुलीच्या किती गॅदरिंगना शेवटच्या रांगेत बसून तपासलेले किती तक्ते. सगळं एका उसाशाच्या अंतरावर, मागच्या खोलीत.

आठव्या दिवशी सकाळी तिनं दैनिक तीन उघडलं आणि हातातला चहा तसाच खाली ठेवला.

'दैनिक दोनचं वार्तांकन उणे, विद्यापीठाच्या अभ्यासाचा ठपका.' खाली चौकटीत दैनिक एकचेही आकडे.

तिनं दैनिक दोन उघडलं. 'दैनिक तीनच्या एकसष्ट बातम्या उणे.' दैनिक एकमध्ये दोघांचेही आकडे, जरा मोठ्या अक्षरात. आणि तिन्हीकडे तोच उल्लेख, 'निवडणूक वार्तांकन संशोधनाच्या कोडर क्रमांक दोन यांनी कळवल्यानुसार.'

"आई," सूनबाई मागच्या दारात उभी राहून म्हणाली, "मी बातम्यांबद्दल विचारत नाहीये. पोस्टाबद्दल विचारतेय. तुम्ही कोणाला काही पाठवलंत?"

"प्रगतिपुस्तक पाठवलं," सासूबाई कात्रणावरून मान न उचलता म्हणाल्या. "तिघांच्या संपादकांना. तिघांचे मार्क एकाच कागदावर लिहिले, म्हणजे आपण कुठे आहोत ते कळतं. शेरा दिलाय, 'सुधारणेस भरपूर वाव'."

"पण का?"

"पालकांना कळवायला नको?"

प्रत्येक संपादकानं दुसऱ्या दोघांचे मार्क मोठ्या आनंदानं छापले होते आणि स्वतःचा रकाना अलगद दुमडून ठेवला होता.

दुपारी पक्ष अ चे प्रवक्ते बोलले. आमच्याविरुद्ध उणे बातम्यांचा कट होता, हे विद्यापीठानं सिद्ध केलं, असं म्हणाले. संध्याकाळी पक्ष ब चे प्रवक्ते बोलले. उणे बातम्यांचा मोठा वाटा आमचाच आहे, तो कोणी हिरावून घेऊ नये. दुसऱ्या दिवशी जुंपलीच. मतं कोणाला जास्त, यावर भांडणारे पक्ष सूनबाईनं आठ वर्षं अभ्यासले होते. बदनामी कोणाची जास्त, यावर हमरीतुमरीवर येणारे तिनं पहिल्यांदाच पाहिले. प्रत्यक्षात कोणाला किती उणे, हे दोघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं, कारण प्रगतिपुस्तकात पक्षांचा रकानाच नव्हता.

आणि हे सगळं त्याच तीन दैनिकांत छापून आलं. दुसरा नियम सांगत होता, की या चार आठवड्यांत या दैनिकांतली निवडणुकीची प्रत्येक बातमी नमुन्यात घ्यायची. सूनबाईनं कात्री घेतली. स्वतःच्याच संशोधनाबद्दलची सात कात्रणं तिनं कापली, नंबर घातले, आणि पेन्सिल हातात धरून बसून राहिली. पक्षाच्या बाजूची की विरुद्ध? कुठल्या पक्षाच्या? शेवटी तिनं सातही ठिकाणी शून्य लिहिलं आणि कपाळ टेबलावर टेकलं.

मागच्या खोलीतून सातही कात्रणं उणे होऊन आली.

त्याच दुपारी विद्यापीठातून फोन आला. गुरुवारी अकरा वाजता समिती बसेल. संशोधक आणि कोडर क्रमांक दोन, दोघींनी हजर राहायचं. "कोडर कुठल्या विभागात असतात?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"मागच्या खोलीत," सूनबाई म्हणाली.

बुधवारी संध्याकाळी हातातलं शेवटचं कात्रण संपलं. सातवा नियम सुटला आणि दहा दिवस कोंडलेलं घर एकदम मोकळं झालं. पण आता कुठून सुरुवात करावी ते सूनबाईला सुचेना. ती सासूबाईंच्या पलंगाच्या कडेवर बसली.

"आई, खरं सांगा. तुमचा राग नक्की कोणत्या पक्षावर आहे?"

"पक्ष?" सासूबाईंनी चष्मा वर केला. "पक्ष कोण बघतंय? मी लेखन तपासलं."

सूनबाईला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि खोली तिच्याभोवती हळूच एक गिरकी घेऊन पुन्हा जागेवर आली. गठ्ठ्यातली एकेक बातमी सासूबाईंनी निबंधासारखी तपासली होती. बरा लिहिलेला निबंध अधिक, वाईट लिहिलेला उणे. कोणाची स्तुती आणि कोणाची निंदा, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

"पण आई, स्तुतीच्याच बातम्या सगळ्या उणे कशा?"

"कारण कॉपी आहे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी उशीखालून वेगळी काढलेली कात्रणं घेतली आणि पलंगावर ओळीनं मांडली. "ही तिन्ही पोरं एका बाकावरची. वाच."

सूनबाईनं दैनिक एक वाचलं. "जनसागराला उधाण येऊन महापूर शांततेत पार पडला."

"आता दोन वाच."

"जनसागराला उधाण येऊन महापूर शांततेत पार पडला."

"तीन वाचायची गरज आहे का?"

"नाही."

"महापूर शांततेत पार पडतो का गं कधी? आणि एकाच दिवशी तिघांना तोच महापूर सुचतो?" सासूबाईंनी आणखी एक कात्रण पुढे सरकवलं. "आता हे बघ. आठ दिवसांनंतरचं."

पुन्हा जनसागर. पुन्हा उधाण. पुन्हा महापूर, आणि पुन्हा शांतता. पण हे पक्ष ब चं होतं.

"आई, पण त्यांचं तर एकमेकांशी..."

"त्यांचं भांडण त्यांना लखलाभ. पेपर एकाच मुलानं लिहिलाय. तिकडचंही तोच लिहितो, इकडचंही तोच. प्रत्येक परिच्छेदाला 'ते पुढे म्हणाले' असा श्वास घेतो. दमलाय बिचारा." सासूबाई थोड्या थांबल्या. "आणि टीकेच्या बातम्या बघ. वाक्यं छोटी, आकडे मोजलेले, माणसं भेटलेली. ते लिहिताना कोणीतरी पाय झिजवलेत. स्तुती आयती आलीय."

सूनबाई कात्रणांकडे बघत राहिली. आठ वर्षं ती बातमीचा सूर मोजत होती. हे गाणं गातंय कोण, हे विचारायचं राहून गेलं होतं.

समितीच्या खोलीत लांब टेबल होतं, टेबलाच्या टोकाला अध्यक्ष, आणि बाजूला मार्गदर्शक सर, जे इतके हळू श्वास घेत होते की झोपल्यासारखे दिसत होते.

"आजी, तुम्ही संशोधनाची शिस्त मोडलीत," अध्यक्ष म्हणाले.

"मोडली कुठे, साहेब? सातवा नियम अक्षरशः पाळला. दहा दिवस घरात मिठाशिवाय कशावर बोलले नाही."

"तुम्ही वर्तमानपत्रांना गुण दिलेत."

"कमी दिले, हेही खरं आहे," सासूबाई म्हणाल्या.

सूनबाईनं मग कात्रणं मांडली. सगळं नीट सांगितलं. ही अकरा टक्के जुळणी चूक नाही, शोध आहे. जी बातमी पक्षाच्या बाजूची, ती वाईट लिहिलेली, कारण ती दैनिकानं लिहिलेलीच नाही. पक्षाच्या कचेरीतून आली आणि जशीच्या तशी छापली. आणि दोन्ही कचेऱ्यांत लिहिणारा हात एकच आहे.

अध्यक्षांनी तिन्ही कात्रणं वाचली. चौथं वाचताना त्यांच्या ओठाचा कोपरा किंचित हलला, पण त्यांनी तो आवरला.

"एकच हात, हे कशावरून?"

"वाक्यावरून," सासूबाई म्हणाल्या. "छत्तीस वर्षं वाक्यावरूनच ओळखत आले."

"समितीला वाक्य पुरत नाही, आजी. समितीला कागद लागतो." अध्यक्ष सूनबाईकडे वळले. "सोमवारी दुपारी बारापर्यंत त्या माणसाचा सही केलेला कागद आणा. मग सहा महिने मिळतील, नवं प्रकरण लिहा. नाहीतर नोंदणी संपली. मला वाईट वाटेल, पण संपली."

शुक्रवारी सकाळी सूनबाईनं पक्ष अ च्या कचेरीत फोन केला. "आमच्या बातम्या? आमचे साहेब स्वतः लिहितात," तिकडून उत्तर आलं. पक्ष ब च्या कचेरीत फोन केला. त्यांचेही साहेब स्वतःच लिहीत होते. दैनिकांत विचारलं, तर तिथले उपसंपादक दुखावले. सगळ्या शहरात कोणीच कोणासाठी लिहीत नव्हतं, आणि तरी रोज सकाळी महापूर शांततेत पार पडत होता.

संध्याकाळी ती खिडकीशी बसून आठ वर्षांच्या वह्या बांधायला दोरी शोधत होती, तेवढ्यात बेल वाजली. दारात चाळिशीचा एक माणूस उभा होता. खांद्याला पिशवी, दोन्ही खिशांत एकेक फोन, आणि दोन्ही वाजतायत.

"बाई आहेत का?"

"आम्हाला प्रतिक्रिया द्यायची नाही," सूनबाई म्हणाली.

"मलाही नकोय. पेपरच्या हापिसातून पत्ता घेतला." त्यानं दोन्ही फोन बंद केले. "मला माझे मार्क बघायचेत."

सूनबाईनं दोरी बाजूला टाकली आणि खुर्ची पुढे ओढली.

"सगळ्यांना वाटलं, निकाल पक्षांचा लागला," तो खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला. "कोणी म्हणालं कट आहे, कोणी म्हणालं विजय आहे. मी एकसष्ट उणे हा आकडा वाचला आणि समजलो. त्या पेपरात माझ्या तेवढ्याच बातम्या छापून आल्यात. हा माझा निकाल आहे."

सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं वर्गात उशिरा आलेल्या पण आलेल्या मुलाकडे पाहतात. "महापूर तुझा?"

त्यानं मान खाली घातली. "बाई, दिवसाला चौदा बातम्या असतात. सात इकडच्या, सात तिकडच्या. महापुराच्या जागी दुसरं काही लिहायला वेळच होत नाही."

"तुझ्या सगळ्या बातम्यांत एकीलाच शून्य आहे," सासूबाई म्हणाल्या. "पाण्याच्या टाकीच्या बातमीला. बाकी सगळ्या उणे."

"ती मी स्वतः जाऊन लिहिली होती," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

सूनबाईनं कागद पुढे ठेवला. त्यानं वाचला आणि मागे सरकला. "मॅडम, दोन्हीकडची नोकरी जाईल."

"समितीचं पाकीट बंद राहतं. प्रबंधात नाव नसतं. तिथे तुम्ही फक्त लेखक क."

"अ, ब, आणि मी क?"

"हो."

त्यानं कागद पुन्हा जवळ ओढला. "आजवर माझं नाव कुठेच छापून आलं नाही. क तर क." त्यानं पेन काढलं, पण टेकवलं नाही. "बाई, एक काम आहे. दोन्ही पक्षांच्या शेवटच्या सभांच्या बातम्या लिहायच्यात. गर्दीला महापूर नाही म्हणायचं, तर काय म्हणू?"

"माणसं किती होती?"

"सभा उद्या आहेत. बातमी आज द्यायची असते."

सासूबाईंनी चष्मा काढून ठेवला.

"उत्तर आधी आणि प्रश्न नंतर," त्या हळूच म्हणाल्या. "आज काही लिहू नको. उद्या जा, बघ, मोज, मग लिही. मी तपासून देते."

"दोन्ही सभा एकाच वेळी आहेत, बाई."

"एकीकडे तू जा. दुसरीकडे..." आणि सासूबाईंची नजर फिरत फिरत खेळाच्या पानामागे लपलेल्या आपल्या मुलावर येऊन थांबली.

"आई, पक्ष ब च्या सभेला मी?"

"मोजायला चाललायस. टाळ्या वाजवायला नाही."

सूनबाईनं मध्ये पडायला हवं होतं. दुसरा नियम, सातवा नियम, सगळ्या सूचनावलीचं पान न् पान तिच्या डोळ्यांपुढे फडफडत होतं. पण पेन कागदावर टेकलं होतं. सही होत होती. ती पाकिटासाठी डिंक शोधायला उठली.

रविवारी तिन्ही दैनिकांनी दोन्ही सभांच्या बातम्या नेहमीच्या विश्वासानं, एक शब्द न वाचता छापल्या. पक्ष अ च्या मैदानात खुर्च्या दोन हजार होत्या आणि भरल्या अकराशे. पक्ष ब च्या सभेत साहेब पाऊण तास बोलले, त्यातली सव्वीस मिनिटं स्वतःबद्दल. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी पाण्याच्या टाकीबद्दल विचारलं, तेव्हा माईक बंद पडला. कुठे जनसागर नाही, कुठे उधाण नाही. लोकांनी म्हणे त्या दिवशी पेपर शेवटपर्यंत वाचला.

सोमवारी बाराला दहा मिनिटं कमी असताना अध्यक्षांनी पाकीट फोडलं, कागद वाचला, आणि सहा महिन्यांचा फॉर्म सूनबाईच्या हातात दिला. "मार्गदर्शकांची सही घ्या."

सर आपल्या खोलीत नमुन्याची शेवटची यादी बघत होते. रविवारच्या सहा बातम्यांवर त्यांचं बोट थांबलं. सूनबाईनं त्या वगळल्या होत्या आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'कोडर क्रमांक दोन यांचा लेखकाशी संबंध'.

"कसला संबंध, मॅडम?"

"शिकवणीचा, सर."

"असं." बोट खाली सरकलं. "आणि पक्ष ब च्या सभेची मिनिटं कोणी मोजली?"

"कोडर क्रमांक एकच्या नवऱ्यानं."

सरांनी डोळे मिटले. मग त्यांचा आवाज इतका हळू झाला, की सूनबाईला टेबलावर वाकावं लागलं.

"मॅडम, या निवडणुकीत तुमच्या घराबाहेरचं कोणी होतं का?"

तिनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं.

"उमेदवार होते, सर. तेवढे बाहेरचे."

सरांनी फॉर्म पुढे ओढला आणि सही केली.